अठरा वर्षांनी ‘आरे’ आलं! हानशिन टायगर्स, २०२३

अमागासाकीकर | १५ सप्टेंबर २०२३

मंडळी, घसा पार बसलाय, म्हणून लिहून सांगतो. हानशिन टायगर्सनी सेंट्रल लीग, म्हणजे जपानी बेसबॉलच्या दोन लीगांपैकी एक, जिंकली! काल रात्री, आपल्या घरच्या कोशिएन मैदानावर, समोर योमिउरी जायंट्स, ४-३. याआधी जिंकली होती २००५ मध्ये. क्लबच्या इतिहासात इतक्या लवकर, १४ सप्टेंबरलाच, लीग कधी खिशात पडली नव्हती.

इथे बेसबॉलवर फारसं कुणी लिहीत नाही, ठाऊक आहे. पण हा आनंद मराठीत कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मी मूळचा इचलकरंजीचा, मशीन टूलच्या कामामुळे अकरा वर्षं अमागासाकीत आहे. ओसाका आणि कोबेच्या मधलं हे कारखान्यांचं गाव. हानशिन रेल्वेत बसलं की थोड्याच वेळात कोशिएन. टायगर्स म्हणजे या रेल्वे कंपनीचा संघ, आणि आमचं गाव म्हणजे संघाचं अंगण. आमच्या बाजारपेठेत दरवर्षी सीझनचा पहिला चेंडू पडायच्या आधीच ‘मॅजिक नंबर’चा फलक लावतात. जेतेपदासाठी अजून किती विजय हवेत, तो हा आकडा. वर्तमानपत्रं तो ऑगस्ट-सप्टेंबरात छापतात. आमच्या गल्लीत मार्चमध्येच १४३ लागतो. १४३ सामने, १४३ विजय हवेत, चला सुरुवात करू!

काल मी मैदानात नव्हतो, तिकीट मिळणं शक्यच नव्हतं. बाजारपेठेत शेजारच्या आजोबांबरोबर उभा राहून पाहिलं. आजोबा ७९ वर्षांचे, सायकल दुरुस्तीचं दुकान होतं त्यांचं. हातात प्लास्टिकचा भोंगा, १९८५ चा. पिवळा रंग उडून सायीसारखा झालाय आणि मूठ सायकलच्या काळ्या टेपने गुंडाळलेली. तो आजींचा होता. आजी जाऊन बारा वर्षं झाली.

सहाव्या इनिंगपर्यंत ०-०. मग ओयामाने चेंडू उंच मारला, झेलबाद झाला, पण चिकामोतो धावून आत आला. पहिली धाव. पाठोपाठ सातो तेरुआकीचा होमरन, म्हणजे चेंडू थेट कुंपणापार, आणखी दोन. गल्लीत कोण कुणाला मिठी मारत होतं काही कळेना. मासळीवाल्याच्या एप्रनचा वास अजून माझ्या शर्टाला येतोय.

नववी, शेवटची इनिंग टाकायला इवाझाकी आला तेव्हा मात्र अख्खी गल्ली चिडीचूप. इथे प्रत्येक खेळाडूचं मैदानात उतरतानाचं एक ठरलेलं गाणं असतं. काल इवाझाकीने स्वतःचं गाणं लावलंच नाही. लावलं ते योकोता शिंतारोचं. योकोता आणि तो एकाच वर्षीच्या ड्राफ्टमधून, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून, क्लबात आलेले. योकोताला मेंदूत गाठ झाली, दृष्टी अधू झाली, २०१९ मध्ये त्याने खेळणं थांबवलं आणि यंदा १८ जुलैला तो गेला. वय २८. स्टेडियमभर लोक ते गाणं म्हणत होते आणि रडत होते. जिंकल्यावर खेळाडूंनी इवाझाकीला हवेत उडवलं तेव्हा त्याच्या हातात योकोताची २४ नंबरची जर्सी होती.

आजोबांनी भोंगा वाजवला नाही. छातीशी धरून उभे होते.

फोटो नंतर टाकतो. कामावर जायचंय.

---

शिवाजीपार्क_७१ | १५ सप्टेंबर २०२३

अमागासाकीकर, अभिनंदन हो! बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण तुमचं वाचून अंगावर काटा आला. आता नीट सांगा, हा संघ खेळतो कसा? फटकेबाज की चिवट?

---

निहोंगो_पुणे | १५ सप्टेंबर २०२३

मी पुण्यात जपानी शिकवते. आज वर्गात सगळ्यांनी एकच विचारलं: “सेन्सेई, बातम्यांत सगळे ‘आरे, आरे’ काय म्हणतायत?” अमागासाकीकर, हे तुम्हीच सांगा, तुम्ही त्याच्या मध्यभागी आहात.

---

अमागासाकीकर | १६ सप्टेंबर २०२३

निहोंगोताई, ‘आरे’ म्हणजे ‘ते’. आपण लांबची वस्तू बोटाने दाखवून म्हणतो तसं ते. मॅनेजर ओकादा आकिनोबू ‘जेतेपद’ हा शब्द तोंडातून काढतच नाहीत. तो उच्चारला की खेळाडूंचे खांदे आखडतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून वर्षभर “यंदा आरे करायचंय”, “आरे जवळ आलंय”. क्लबने त्याचीच घोषणा केली, ए-आर-ई अशी इंग्रजी अक्षरं लावून: एम, रिस्पेक्ट, एम्पॉवर. पण गल्लीत त्या तीन शब्दांशी कुणाला देणंघेणं नाही. गल्लीत नुसतं आरे.

गंमत बघा, आजोबाही पाळतात. मार्चपासून आजतागायत त्यांच्या तोंडून तो शब्द मी ऐकलेला नाही. जिंकल्यावरसुद्धा नाही. “अजून एक आरे बाकी आहे” म्हणाले. म्हणजे जपान सिरीज, दोन लीगांच्या विजेत्यांमधली अंतिम लढत. तिला आता सगळे ‘आरे नो आरे’ म्हणतात. ‘ते’च्या पलीकडचं ‘ते’.

---

माई_मालवण | १६ सप्टेंबर २०२३

अरे लेकरा, हे आम्हाला नवीन नाही. आमच्याकडे तिन्हीसांजेनंतर सापाचं नाव घेत नाहीत, ‘लांबडं’ म्हणतात. माझ्या आजीने जन्मभर आजोबांचं नाव घेतलं नाही, ‘हे’ आणि ‘अहो’ एवढंच. ज्याची भीती वाटते त्याचं नाव घेत नाहीत, आणि ज्याच्यावर फार जीव असतो त्याचंही घेत नाहीत. तुझ्या त्या ओकादांचं दुसऱ्या प्रकारातलं असणार.

---

अमागासाकीकर | १६ सप्टेंबर २०२३

माई, तुमचं हे आजोबांना जपानीत करून सांगितलं. बराच वेळ मान हलवत होते. मग म्हणाले, “त्या आजींना माझा नमस्कार कळव.”

शिवाजीपार्ककाका, आता तुमचा प्रश्न. हा संघ चिवट आहे. तुमच्या मुंबईच्या भाषेत खडूस! मला या धाग्यावर खरं तर हेच सांगायचं होतं: हे जेतेपद मारलेल्या चेंडूंपेक्षा सोडलेल्या चेंडूंनी आणलंय.

बेसबॉलमध्ये पिचरने चार चेंडू ठरलेल्या चौकटीबाहेर टाकले आणि बॅटरने ते सोडले, तर त्याला पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या चार थांब्यांपैकी पहिला, फुकट मिळतो. जपानीत त्याला ‘फोआबोरु’ म्हणतात. दिसायला काहीच घडत नाही. माणूस बॅट ठेवतो आणि चालत जातो. टाळ्या कमी. पण बेसवर एक माणूस उभा राहिला, पिचरला वीस-पंचवीस चेंडू जास्त टाकावे लागले, की सहाव्या-सातव्या इनिंगमध्ये त्याचा खांदा उतरतो. पार्कात नव्या चेंडूवर पहिला तास काढायचा म्हणतात ना, तेच.

ओकादांनी सीझनच्या आधी व्यवस्थापनाला सांगितलं की पगार ठरवताना फोआबोरुचे गुण वाढवा. बस्स. भाषण नाही, शिबिर नाही. आधी सोडलेल्या चेंडूला किंमत दिली. या संघाने २०२२ मध्ये सगळ्या सीझनभरात ३५८ फोआबोरु घेतले होते. यंदा तो आकडा कधीच मागे पडलाय आणि लीगमध्ये सगळ्यांच्या वर आहेत. होमरन मात्र बेताचे. तरीही सर्वांत जास्त धावा आमच्याच.

आणि हे कोशिएनसाठीच शिवलेलं कापड आहे. तिथे समुद्राकडून वारा येतो, ‘हामाकाझे’. डावखुऱ्याने उजवीकडे उचललेला चेंडू हा वारा परत मैदानात आणून टाकतो. पूर्वी कुंपणाच्या आत ‘लकी झोन’ होता, सीमारेषा जवळ आणलेली. १९९१ च्या सीझननंतर तो काढला आणि मैदान पुन्हा अवाढव्य झालं. अशा मैदानावर रोज षटकार मारायला जाणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. इतकी वर्षं आम्ही तेच करत होतो.

---

बे_एरियाकर | १७ सप्टेंबर २०२३

इथे अमेरिकेत आमच्या ऑफिसात टायगर्सचं नाव निघालं की एकच गोष्ट निघते: कर्नल सँडर्सचा शाप. ते खरं आहे का?

---

अमागासाकीकर | १७ सप्टेंबर २०२३

घडलेली गोष्ट खरी आहे. १९८५ मध्ये लीग जिंकल्यावर ओसाकाच्या दोतोन्बोरीला लोक एकेका खेळाडूच्या नावाने हाक मारत होते, त्याच्यासारखा दिसणारा कुणीतरी पुलावरून कालव्यात उडी मारत होता. रँडी बासची पाळी आली. दाढीवाला गोरा माणूस गर्दीत कुठून आणणार? मग फ्राइड चिकनच्या दुकानासमोरचा कर्नलचा पुतळा उचलून टाकला. तो २००९ च्या मार्चमध्ये गाळातून वर आला, चष्मा आणि डावा हात नसलेला.

१९८५ च्या जपान सिरीजनंतर ती पुन्हा हाती लागली नाही हेही खरं. पण शाप म्हटलं की मला राग येतो. हरण्याची कारणं त्या त्या वर्षी डोळ्यांसमोर असायची. २००३ मध्ये मॅनेजर होशिनो सेनइचींनी लीग आणली, जपान सिरीज ३-४ ने गेली. २००५ मध्ये हेच ओकादा होते, समोर चिबा लोत्ते. चार सामन्यांत मिळून ३३-४. पहिल्या सामन्यात तर धुकं एवढं उतरलं की खेळ थांबवावा लागला. ‘३३-४’ हे आकडे इथे आजही कुणी भिंतीवर लिहिले तरी माणसं मान फिरवतात. २००८ मध्ये १३ गेमची आघाडी होती, जायंट्सनी ती खाल्ली आणि ओकादा पद सोडून गेले. २०२१ मध्ये ७७ सामने जिंकलो, याकुल्त ७३ जिंकले. त्यांच्या बरोबरी जास्त, टक्केवारी किंचित वर, लीग त्यांची. २०२२ ची सुरुवात सलग नऊ पराभवांनी.

आणि पंधरा वर्षांनी तोच माणूस परत आला. ६५ वर्षांचा. १९८५ च्या संघात हा दुसऱ्या बेसवर होता, हे विसरू नका. त्या वर्षी १७ एप्रिलला जायंट्सविरुद्ध बास, काकेफु आणि ओकादा या तिघांनी ओळीने मधल्या काळ्या पडद्याच्या दिशेला होमरन मारले. आजोबा त्या रात्री मैदानात होते, आजींबरोबर. भोंगा त्याच रात्री विकत घेतलेला.

दोतोन्बोरीच्या उड्या मात्र मला कधीच आवडल्या नाहीत. पाणी घाण आहे, खोली कळत नाही. २००३ मध्ये एकाचा जीव गेला. परवाही पोलिसांची भिंत उभी होती, तरी काहींनी उड्या मारल्याच. आनंद जिवावर बेतू नये.

---

आरसीबी_बेळगाव | १८ सप्टेंबर २०२३

दादा, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं बघा. आम्ही २००८ पासून थांबलोय. तुम्ही ३८ वर्षं कशी काढली हो?

---

अमागासाकीकर | १८ सप्टेंबर २०२३

मी अकराच काढली, मित्रा. आजोबांना विचारलं. म्हणाले, “थांबलो नाही. रोज मॅच पाहिली.”

---

शिवाजीपार्क_७१ | २ ऑक्टोबर २०२३

नातवाच्या मदतीने जुने सामने शोधून बघतोय. एक पटलं नाही. एप्रिलमध्ये तो मुराकामी नावाचा पोरगा सात इनिंग एकही माणूस बेसवर जाऊ देत नाही, आणि तुमचे ओकादा त्याला काढतात? ८४ चेंडूच तर टाकले होते! मला एकदम मुलतान आठवलं. २००४, सचिन १९४ वर नाबाद आणि द्रविडने डाव घोषित केला.

---

अमागासाकीकर | २ ऑक्टोबर २०२३

काका, अगदी नेमकं बोट ठेवलंत! १२ एप्रिल, टोकियो डोम. मुराकामी शोकी, १-० ची आघाडी, परफेक्ट गेमला दोन इनिंग बाकी. ओकादांनी त्याच्या जागी बॅटर पाठवला. सेंट्रल लीगमध्ये पिचरलाही बॅटिंग करावी लागते, आणि त्यांना दुसरी धाव हवी होती. धाव काही झाली नाही, आणि आठव्या इनिंगमध्ये ओकामोतोने होमरन मारून बरोबरी केली. मी टीव्हीसमोर ओरडलो होतो. शेवटी दहाव्या इनिंगमध्ये २-१ जिंकलो.

त्या रात्री मी पूर्ण तुमच्या बाजूचा होतो. आता नाही. त्या पोराच्या नावावर तोवर मुख्य संघात एकही विजय नव्हता. त्याला त्या रात्री पिळून काढला असता तर पुढचं काय झालं असतं? पुढच्या सामन्यांत त्याने सीझनच्या सुरुवातीपासून सलग ३१ इनिंग धाव न देता टाकल्या, लीगच्या विक्रमाची बरोबरी, आणि वर्षभर टिकला. मुलतानही आपण डावाने जिंकलो होतो, काका.

---

शिवाजीपार्क_७१ | २ ऑक्टोबर २०२३

जिंकलो, हो. तरी माझं मत तेच. माणसाच्या आयुष्यात १९४ रोज येत नाही.

---

निहोंगो_पुणे | ३ ऑक्टोबर २०२३

काकांशी सहमत. आणि अमागासाकीकर, ओयामाबद्दल लिहा ना. जिंकल्यावर रडताना दिसला तोच ना?

---

अमागासाकीकर | ५ ऑक्टोबर २०२३

काल सीझन संपला. ८५ विजय, ५३ पराभव, ५ बरोबरी, दुसऱ्या क्रमांकाच्या हिरोशिमापेक्षा साडेअकरा गेम पुढे. आणि फोआबोरु एकूण ४९४!

ओयामा युसुके. तोच, ताई. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये क्लबने पहिल्याच फेरीत त्याचं नाव पुकारलं तेव्हा सभागृहात जमलेल्या चाहत्यांनीच निराशेचा सुस्कारा सोडला होता. “हा कोण?” विद्यापीठातून नुकताच बाहेर पडणारा पोरगा, आणि त्याच्या कानावर पहिलं काय पडलं तर आपल्याच लोकांचं ‘एऽऽ’. पुढेही संघ हरला की पहिली शिवी त्याला. यंदा ओकादांनी सांगितलं, चौथ्या क्रमांकावर तू, प्रश्न मिटला. १४३ च्या १४३ सामन्यांत तो चौथ्यावर उतरला. होमरन १९, म्हणजे चौथ्या क्रमांकाच्या, मुख्य फटकेबाजाच्या, मानाने फार नाहीत. पण फोआबोरु ९९, आणि बेसवर पोहोचण्याचं प्रमाण .४०३, लीगमध्ये अव्वल. १४ तारखेला तो रडला ते मी समजू शकतो. त्या सभागृहातल्या सुस्काऱ्यात मी नव्हतो, पण २०१९-२० मध्ये घरात बसून त्याला मीही पुष्कळ बोललोय. त्याबद्दल वाईट वाटतं.

तसाच ओताके कोतारो. सॉफ्टबँककडे मुख्य संघात संधी न मिळणारा डावखुरा. अडकून पडलेल्या खेळाडूंसाठी गेल्या डिसेंबरात पहिल्यांदाच वेगळा ड्राफ्ट झाला, त्यातून आला. १२ जिंकले, २ हरले. वेग नाही, नुसतं डोकं.

---

अमागासाकीकर | २९ ऑक्टोबर २०२३

लीगच्या प्लेऑफमध्ये हिरोशिमाला सलग तीन सामन्यांत हरवून जपान सिरीजमध्ये आलो, आणि समोर ओरिक्स बफेलोज. म्हणजे ओसाकाच! दोन्ही मैदानं हानशिन रेल्वेने जोडलेली. कान्साईतल्या, म्हणजे ओसाका-कोबेच्या या पट्ट्यातल्या, दोन संघांमधली अशी लढत याआधी १९६४ मध्ये झाली होती, हानशिन आणि नानकाई. माझ्या कारखान्यात एका बाजूला ओरिक्सवाले आणि दुसऱ्या बाजूला आम्ही.

काल पहिला सामना, ८-० आम्ही जिंकलो. तेही यामामोतो योशिनोबूविरुद्ध, ज्याच्यासाठी अमेरिकेचे क्लब रांगेत उभे आहेत. पाय जमिनीवर नाहीत.

---

अमागासाकीकर | ३१ ऑक्टोबर २०२३

दुसरा ०-८. आज तिसरा ४-५. लिहवत नाही.

---

आरसीबी_बेळगाव | ३१ ऑक्टोबर २०२३

धीर सोडू नका दादा. आम्ही आहोत.

---

अमागासाकीकर | २ नोव्हेंबर २०२३, पहाटे

काल मी कोशिएनमध्ये होतो! कारखान्यातल्या एकाची बायको आजारी पडली, तिकीट मला मिळालं. बाहेरच्या मैदानाच्या मागे, वेलींनी मढलेल्या भिंतीच्या वर. खाली इनफिल्डची ती काळीभोर माती, पाणी मारून ओली केलेली. आपल्याकडे पेरणीआधी नांगरून ठेवलेलं रान दिसतं ना, दिव्यांच्या उजेडात तशी.

आठवी इनिंग, ३-३. ओरिक्सचे दोन बाद, पण पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर माणसं. एक धाव गेली तर सिरीज हातची जाईल अशी वेळ. स्पीकरवरून पिचर बदलल्याची घोषणा झाली: युआसा.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. युआसा आत्सुकी गेल्या वर्षीचा आमचा हुकमी गडी, पण यंदा दुखापती आणि जूनच्या मध्याला हातातले सामने गेले, तेव्हापासून मुख्य संघात दिसलेलाच नाही. साडेचार महिने! क्षणभर शांतता, आणि मग जो आवाज उठला तो मी जन्मात ऐकला नव्हता. बाकडं थरथरत होतं. माझ्या शेजारच्या बाईंनी, ओळख ना पाळख, माझं मनगट घट्ट धरलं.

युआसाने एक चेंडू टाकला. एकच. बॅटरने तो उंच उडवला, सेकंड बेसवर झेल. इनिंग संपली.

ओकादांनी त्याला का आणलं, हे त्यांनी नंतर सांगितलं: युआसा आला की मैदानाचं वारं फिरेल, हे त्यांना माहीत होतं. ज्या माणसाला आपण आकडेमोडीचा मॅनेजर समजत होतो, त्याने सिरीजचा सगळ्यात मोठा निर्णय लोकांच्या आवाजावर टाकला.

आणि नववीत काय झालं पाहा, शिवाजीपार्ककाका. एक बाद. चिकामोतोने फोआबोरु घेतला. पिचर गडबडला, दोन चेंडू कीपरच्या हाताबाहेर गेले, चिकामोतो तिसऱ्या बेसवर. त्यांनी नाकानो आणि मोरिशिताला मुद्दाम चालत पाठवलं. बेस भरले. आला ओयामा. सगळे चेंडू मोजून होईपर्यंत थांबला, आणि मग डावीकडे फटका. ४-३. फटका फक्त एकच, बाकी सगळे चालत गेले!

पायी घरी आलो. गाड्यांना गर्दी होती म्हणून नाही, चालावंसं वाटलं म्हणून.

---

माई_मालवण | २ नोव्हेंबर २०२३

त्या युआसाच्या आईचं काय झालं असेल रे त्या एका चेंडूला?

---

शिवाजीपार्क_७१ | ३ नोव्हेंबर २०२३

काल पाचवा सामना पूर्ण पाहिला. आठव्या इनिंगपर्यंत ०-२ मागे, आणि त्या एका इनिंगमध्ये सहा धावा! तो मोरिशिता, पहिल्या वर्षाचा पोरगा. सातवीत त्याच्या हातून चेंडू सुटला होता आणि आठवीत त्यानेच फटका मारून दोघांना आणलं. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो हो. आमची ही विचारते, “कुणाची मॅच?”

---

अमागासाकीकर | ४ नोव्हेंबर २०२३

आज सहावा, १-५. यामामोतोने एकट्याने १३८ चेंडू टाकले आणि १४ जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे चेंडू मैदानात मारूच न देता बाद, जपान सिरीजचा विक्रम. पहिल्या सामन्यात आपण त्याला फोडलं होतं आणि आज तो असा उभा राहिला. अशा माणसापुढे हरण्यात कमीपणा नाही. ३-३. उद्या सातवा.

---

अमागासाकीकर | ६ नोव्हेंबर २०२३

निप्पोन इची. जपानमध्ये पहिले. ७-१.

चौथ्या इनिंगमध्ये नोइझीने डावीकडे तीन धावांचा होमरन मारला. अमेरिकेहून यंदाच आलेला, वर्षभर ज्याच्यावर आम्ही कुरकुरत होतो तो. शेवटचा झेलही डावीकडे त्याच्याच हातात आला. चिकामोतो सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू, २९ पैकी १४ हिट. इथल्याच अवाजी बेटावरचा पोरगा. इवाझाकीच्या हातात पुन्हा २४ नंबरची जर्सी.

एक गोष्ट राहून गेली होती, ती आज लिहितो. २०१९ मध्ये योकोताचा निरोपाचा सामना दुसऱ्या फळीच्या मैदानावर झाला. चेंडू त्याला दोन-दोन दिसायचे. आठव्या इनिंगमध्ये त्याला सेंटर फील्डला उभं केलं, आणि नेमका फटका त्याच्याकडेच गेला. त्याने चेंडू उचलून थेट होम प्लेटवर, धावेच्या शेवटच्या थांब्यावर, फेकला, मध्ये एकही टप्पा नाही, आणि धावणारा बाद. त्यालाही सांगता आलं नाही की तो चेंडू त्याला दिसला कसा.

काल सामना संपल्यावर आजोबा दुकानाच्या पायरीवर बसले. भोंगा मांडीवर. गल्लीत नाचणं चालू होतं. मी शेजारी बसलो. ते समोर बघत हळूच म्हणाले, “निप्पोन इची.” पहिल्यांदा, शब्द पूर्ण उच्चारून. मग पुन्हा एकदा, भोंगा तोंडाला लावून, पण अगदी हलक्या आवाजात, जवळ बसलेल्या माणसाला ऐकू जाईल एवढ्याच.

---

निहोंगो_पुणे | ६ नोव्हेंबर २०२३

वर्गात वाचून दाखवलं. मध्येच मला थांबावं लागलं.

---

आरसीबी_बेळगाव | ६ नोव्हेंबर २०२३

दादा. बस्स. काही बोलायचं नाही. अभिनंदन आजोबांना.

---

अमागासाकीकर | १ डिसेंबर २०२३

आभार सगळ्यांचे. काही बातम्या देऊन टाकतो. २३ नोव्हेंबरला ओसाका आणि कोबेत मिरवणूक झाली, दोन्ही संघांची. सकाळी आम्ही कोबेत तेव्हा ओरिक्स ओसाकात, दुपारी अदलाबदल. मी कोबेला गेलो होतो, माणसांच्या डोक्यांपलीकडे बसचं टप आणि ओकादांची टोपी दिसली, तेवढंही पुरे झालं. मुराकामीला सेंट्रल लीगचा सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वोत्तम नवोदित असे दोन्ही मान मिळाले. या लीगमध्ये हे आधी कुणाला जमलं नव्हतं. काका, तुमच्या १९४ ला माझं हे उत्तर! आणि आज या वर्षीचा शब्द जाहीर झाला, ‘आरे’.

गेल्या रविवारी बाजारपेठेतल्या मंडळींनी विजयाच्या पताका उतरवल्या. आजोबा खालून सूचना देत होते, कुठला खिळा ठेवायचा आणि कुठला उपटायचा. फलकाचे दोन मोठे खिळे ठेवायला सांगितले. मी विचारलं, आता पुढचं जेतेपद कधी? त्यांनी लगेच तोंडावर बोट ठेवलं.

“मार्चमध्ये १४३ लावायचा आहे,” म्हणाले, “शिडी धरायला ये.”